भिंतीवर कोणाचे नाव?

श्रीगोंद्यातल्या आमच्या फुटबॉल मंडळाच्या मैदानाला लागून एक खोली आहे. जाळ्या, चेंडू, फक्कीची पोती असे सगळे सामान तिच्यात असते. मंडळाला पन्नास वर्षे होत आली, तेव्हा या खोलीच्या दर्शनी भिंतीला रंग द्यायचा आणि मंडळाच्या इतिहासातील पाच सर्वांत प्रभावी खेळाडूंची नावे तिच्यावर लिहायची, असे बैठकीत ठरले. ठराव पाच मिनिटांत झाला. नावे ठरवायला चार महिने लागले.

आमच्याकडे फुटबॉल कुठून आला, असे तुम्ही विचाराल. श्रीगोंदा म्हटले की शेख महंमद बाबा, साखर कारखाने आणि लिंबोणीच्या बागा आठवतात, फुटबॉल नाही. पण नगरला १९४८पासून लष्कराच्या रणगाडा दलाचे केंद्र आहे. तिथे नोकरी करून निवृत्त झालेल्या एका जवानाने गावी परतताना एक चेंडू आणला आणि शाळेच्या मैदानावर पोरांना जमवले. मी पुढे त्याच शाळेत क्रीडाशिक्षक झालो आणि तीस वर्षे मंडळाची धावफळ्याची वही सांभाळली. कोणत्या सामन्यात कोणी किती गोल केले, हे त्या वहीत सगळे आहे.

वही माझ्याकडे असल्यामुळे मी बिनधास्त होतो. पहिल्याच बैठकीत पाच नावे वाचून दाखवली. पहिले त्या जवानाचे, मग सर्वाधिक गोल करणारे तिघे आणि शेवटी एक गोलरक्षक. लगेच गोंधळ झाला. साठी ओलांडलेल्यांना त्यांच्या काळातले खेळाडू हवे होते, चाळिशीतल्यांना त्यांचे. शेवटी माझाच एक माजी विद्यार्थी उठला आणि म्हणाला, ‘‘सर, प्रभावी म्हणजे नेमके काय? चांगला खेळणारा, की आपल्याला आवडणारा?’’ मला उत्तर देता आले नाही.

घरी आल्यावर मी एका वेगळ्याच क्लबचा विचार करू लागलो. आपल्या मंडळाबद्दल विचार करताना नातीगोती आणि जुने रुसवे आडवे येतात. दुसऱ्याच्या क्लबकडे मात्र थोडे लांबून पाहता येते. माझी बहीण मडगावला दिली आहे. सुटीत दौंडला गोवा एक्स्प्रेस पकडायची आणि मडगावला उतरायचे, हा आमचा नेम. तिथे फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मी धेंपो स्पोर्ट्स क्लबचे सामने पाहिले. आपल्या वाचकांपैकी अनेकांना हे नाव नवे असेल, म्हणून थोडे सांगतो.

खाण व्यवसायातल्या धेंपो घराण्याने साठच्या दशकाच्या अखेरीस हा क्लब उभा केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यानंतर पडता काळही आला. मग २००४-०५ ते २०११-१२ या आठ मोसमांत धेंपोने पाच वेळा देशाचे लीग विजेतेपद मिळवले. दोनदा राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तीनदा आय-लीग. २००७-०८ची पहिलीवहिली आय-लीग त्यांचीच. २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेलेला पहिला भारतीय क्लबही तोच. कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांपुढे गोव्यातल्या एका क्लबाने हे करून दाखवले. आता या क्लबाच्या भिंतीवर नावे लिहायची झाली, तर कोणाची लिहाल?

पहिला माणूस सोपा आहे. रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा आघाडीचा खेळाडू २०१२ मध्ये क्लब सोडेपर्यंत धेंपोसाठी गोल करत राहिला. २०११-१२च्या एकाच मोसमात त्याने आय-लीगमध्ये ३२ गोल केले. आकड्यांच्या कसोटीवर त्याच्याशी वाद घालता येणार नाही. माझ्या वहीचाही न्याय हाच होता.

पण आकड्यांची एक खोड आहे. ते पुढे खेळणाऱ्याला धार्जिणे असतात. समीर नाईक दशकाहून अधिक काळ धेंपोच्या बचावफळीत उभा होता. महेश गवळी हा भारताचा नामांकित बचावपटूही याच संघात खेळला. त्यांनी अडवलेले गोल कोणत्याच वहीत नसतात. क्लायमॅक्स लॉरेन्स मधल्या फळीत चेंडू हिसकावून पुढे द्यायचा. गोल करणाऱ्याला चेंडू ज्याने दिला, त्याला ज्याने दिला, तो हा. दुसरी खोड अशी की आकडे ज्या काळात नीट ठेवले गेले, त्या काळालाच झुकते माप मिळते. रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या पिढीचे खेळ चित्रफितीवर कितीसे सापडणार? ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या आठवणीतच ते उरले.

म्हणून मी दुसरी कसोटी लावून पाहिली. एखादे नाव इतिहासातून खोडायचे आणि मग काय कोसळते ते पाहायचे. आपल्याकडे वाड्याचे जुने लाकूड काढताना सुतार आधी टेकू देऊन बघतो, तसेच. ही कसोटी लावली की एक अडचण लगेच समोर येते. धेंपोच्या बाबतीत सगळ्यात जास्त पडझड प्रशिक्षक आर्मांडो कुलासो यांचे नाव काढल्यावर होते. पाचही विजेतेपदांच्या वेळी संघ त्यांच्या हाताखाली होता. पण ते खेळाडूंच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे यादी करताना आपण खेळाडूंच्या खात्यावर जे श्रेय लिहितो, त्यातले काही दुसऱ्याच कोणाचे असते. हे लक्षात ठेवूनच पुढे जावे लागते.

तिसरी कसोटी काळाची. खेळाडूचे बूट काढल्यावर काय उरले? बार्सिलोनाचा योहान क्रायफ पाहा. १९७३ ते १९७८ या काळात खेळाडू म्हणून त्याने क्लबाला एक लीग आणि एक स्पॅनिश चषक मिळवून दिला. यादीत तो मोठा दिसतो, पण सर्वांत मोठा नाही. मात्र १९८८ मध्ये तो प्रशिक्षक होऊन परतला, सलग चार लीग जिंकला आणि मुलांना शिकवण्याची क्लबाची पद्धतच त्याने बदलली. त्याच्या हाताखाली घडलेला पेप ग्वार्डिओला पुढे त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. धेंपोचा समीर नाईकही खेळणे संपल्यावर क्लबाचा प्रशिक्षक झाला. क्लिफर्ड मिरांडा हा त्याच संघातला खेळाडू. त्याने २०२३ मध्ये ओदिशा एफसीला सुपर चषक जिंकून दिला. खेळाडूचा प्रभाव कधी कधी त्याच्या निवृत्तीनंतर मोजायला लागायचा असतो.

आता ज्या नावापाशी मी अडलो, ते सांगतो. ख्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा खेळाडू २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळला आणि १५ गोल करून राष्ट्रीय लीगमध्ये अव्वल ठरला. ती लीग ईस्ट बंगालने जिंकली, धेंपो दुसरा आला. पुढच्या मोसमात धेंपोने त्यालाच आपल्याकडे आणले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, मोहन बागानविरुद्ध. धेंपोने तो २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल ख्रिस्तियानोने केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. तो अवघ्या पंचविशीत होता. मैदानावर वैद्यकीय मदतीची पुरेशी तयारी होती का, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

काही महिने खेळलेला हा माणूस. आकड्यांच्या वहीत त्याची ओळ रँटीच्या शेजारी फारच आखूड दिसेल. काळाच्या कसोटीवर तर त्याला काळच मिळाला नाही. पण त्याच मोसमात धेंपोने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली आणि पुढच्या सगळ्या विजेतेपदांचा दरवाजा उघडला. ती लीग ख्रिस्तियानोमुळे मिळाली, असे सिद्ध करता येणार नाही. तसा दावा मी करणारही नाही. परंतु त्या वर्षापासूनच्या प्रत्येक संघाला दहा नंबर वगळून जर्सी वाटून घ्याव्या लागल्या, एवढे तर खरे. न खेळताही तो संघात होता. याला प्रभाव म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

हे मनात आले आणि मला माझी वही आठवली. तिच्यातली एक अशीच आखूड ओळ.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गोलपोस्टच्या मागे लिंबोणीची बाग होती. नेम चुकला की चेंडू काट्यांत जायचा. बाहेर काढताना जरा घाई केली की पंक्चर. आमच्या गोलरक्षकाची धाकटी बहीण त्याच्याबरोबर येऊन गोलमागे उभी राहायची आणि चेंडू अलगद सोडवून, पायानेच परत मारायची. एके दिवशी सरावाला दहाच पोरे आली. मी तिला उजव्या बाजूला उभे केले. दोन मोसम ती मुलांबरोबर खेळली. बारावी झाली, लग्न झाले, कर्जतकडे गेली. वहीत तिच्या नावापुढे दोन गोल आहेत. त्यातला एक पेनल्टीवरचा.

पण ती गेल्यानंतरच्या जूनमध्ये तीन मुली मैदानावर आल्या. त्यांच्या आयांनी मला सांगितले, ‘‘ती खेळलीच ना? मग आमचीलाही घ्या.’’ तीन वर्षांत मुलींचा पूर्ण संघ झाला. आज सायंकाळी मैदानावर मोजाल तर मुली मुलांच्या बरोबरीने दिसतील. तिचे नाव इतिहासातून खोडून पाहा, अर्धे मैदान रिकामे होते. आणि मी, ज्याने स्वतः तिला उभे केले, त्याने पहिल्या यादीत तिचे नाव लिहिले नव्हते. ते मला सुचलेच नव्हते.

पुढच्या बैठकीत मी ते नाव मांडले. ‘‘दोन गोलांवर भिंतीवर नाव?’’ असे एकाने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. जागा पाचच होत्या आणि तिला घ्यायचे तर गोल करणाऱ्या तिघांपैकी एकाला वगळावे लागणार होते. हात वर करून मतदान झाले. ज्याचे नाव गेले, तो माझा सर्वांत लाडका विद्यार्थी. त्याने मंडळासाठी घाम गाळला, गुडघा गमावला. तो भिंतीच्या कार्यक्रमाला आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने चहा दिला, विषय काढला नाही. यादी करताना आपण कोणाचा गौरव करतो, हे सगळे पाहतात. आपण कोणाला दुखावतो, हे ज्याने यादी केली त्यालाच ठाऊक असते.

म्हणून जिथे जिथे असे काम निघेल, तिथल्या मंडळींना माझे दोन शब्द. मग ते फुटबॉलचे मंडळ असो, कबड्डीचे की एखादी तालीम असो. आधी शब्द ठरवा. ‘सर्वोत्तम’, ‘आवडता’ आणि ‘प्रभावी’ या तीन वेगळ्या याद्या आहेत, त्यांची खिचडी करू नका. आकडे जरूर पाहा, पण ते कशाची नोंद ठेवत नाहीत, हेही पाहा. नाव खोडून बघा. तो माणूस गेल्यावर काय उरले, ते विचारा. आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा. आमच्या भिंतीवर आम्ही ते लिहिले आहे. त्या मुलीच्या नावापुढे गोलांची संख्या नाही. तिथे एवढेच आहे, ‘हिच्यामुळे मुली मैदानावर आल्या.’ ज्याला हे पटणार नाही, त्याला निदान कशाशी भांडायचे ते तरी कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)