बोलता वर्ग (लेखांक ४) : एक प्रश्न, दोन मतदाने

मागच्या लेखांकात आपण तासाची पहिली दहा मिनिटे पाहिली. आज तासाच्या मध्यावर येऊ. धडा निम्मा झालेला असतो आणि प्राध्यापक विचारतात, "समजलं का?" पुढच्या दोन बाकांवरून "हो सर" येते, बाकीचा वर्ग वहीत मान घालतो आणि शिकवणे पुढे सरकते. त्या "हो सर"मधून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. साठ जणांपैकी किती जणांना उमगले, कोणाचा नेमका कुठे घोटाळा झाला, हे सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दिसेल. तेव्हा मात्र दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असेल.

मागे बसणारे गप्प का राहतात? हिंगोली जिल्ह्यात याची उत्तरे शोधायला लांब जावे लागत नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. बारावीपर्यंत बहुतेकांचे शिक्षण मराठीतून झालेले असते आणि बी.एस्सी.ला पुस्तक इंग्रजीत येते. भरल्या वर्गात उठून बोलायचे म्हणजे चुकण्याची आणि हसे होण्याची भीती. म्हणून ज्यांना उत्तर येते त्यांतलेही कित्येक गप्प बसतात. या गप्प बसण्याला आपण "मुलांना गोडी नाही" असे नाव देतो. माझे मत वेगळे आहे. मुलांना उत्तर देता येईल अशा रीतीने आपण प्रश्नच विचारत नाही. आजच्या लेखांकाचा विषय म्हणजे सगळ्या वर्गाने एकाच वेळी उत्तर द्यावे असा प्रश्न.

हार्वर्डच्या वर्गात काय घडले

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मेझूर भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची व्याख्याने मुलांना आवडत, मुले अवघड गणितेही सोडवत. १९९०च्या सुमारास त्यांनी बल आणि गती यांविषयीचे अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न वर्गाला दिले, तेव्हा निकाल निराशाजनक आला. सूत्रे पाठ होती, पण त्यांमागची कल्पना अनेकांपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. मेझूर यांनी १९९१पासून पद्धत बदलली. ते थोडे शिकवत आणि पर्यायांसह एक प्रश्न टाकत. प्रत्येक विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून मत देई. मग मुले शेजाऱ्याशी चर्चा करत, पुन्हा मत देत आणि त्यानंतरच उलगडा होई.

अशा पद्धती अनेक विद्यापीठांत तपासल्या गेल्या आहेत. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र करून मांडले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. २००९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या वर्गावरील अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नसले, तरी बोलता बोलता मुले त्याच्याजवळ पोहोचू शकतात. म्हणजे हुशार मुलाने शेजाऱ्याला उत्तर पुरवणे एवढ्यावर ही चर्चा संपत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवताना त्यातली भोके स्वतःलाच दिसू लागतात.

हळदीचा हिशेब

आता हे आपल्या मातीत करून पाहू. हा जिल्हा हळदीचा आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला टक्केवारी शिकवताना फळ्यावर हा प्रश्न लिहा :

*१०० किलो ओल्या हळदीत ८० टक्के पाणी आहे. शिजवून, वाळवून ते १० टक्क्यांवर आले. आता हळद किती किलो भरेल? (अ) १० (ब) २० (क) २२ (ड) ३०*

पहिल्या मतदानात "ड"कडे झुकणारे पुष्कळ निघतील. ८०चे १० झाले, ७० गेले, ३० उरले असा त्यांचा हिशेब असतो. "ब" निवडणाऱ्यांनी घन भाग २० किलो हे बरोबर ओळखलेले असते, पण वाळल्या हळदीत उरलेले पाणी ते विसरतात. खरे उत्तर सुमारे २२ किलो. घन भाग २० किलोच राहतो आणि वाळल्यावर तो एकूण वजनाच्या ९० टक्के होतो. म्हणून २० भागिले ०.९.

चर्चेला सोडल्यावर हळदीच्या घरचे पोर शेजाऱ्याला सांगेल, "क्विंटलामागं तीस किलो उतारा कधी पडतो का?" त्याने सूत्र वापरलेले नसते, पण आपला विचार तपासण्याचे साधन त्याला घरातूनच मिळालेले असते. मग शिक्षकाने पुढचे विचारावे, ३० किलो हळदीत पाणी किती राहिले असते? दहा किलो, म्हणजे तिसरा हिस्सा. अशी ओलसर हळद बुरशी धरेल, मोंढ्यात तिला गिऱ्हाईक मिळणार नाही. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते आणि ते "कशाची" बदलले की नुसती वजाबाकी चालत नाही, हा मुद्दा वर्ग आता सहसा विसरणार नाही.

प्रश्नाची खरी करामत त्याच्या चुकीच्या पर्यायांत आहे. प्रत्येक पर्यायामागे मुलांची एक खरीखुरी विचारसरणी हवी. असे पर्याय जुन्या उत्तरपत्रिकांत सापडतात. तपासताना वारंवार दिसणारी चूक टिपून ठेवा, पुढच्या वर्षीचा पर्याय तयार झाला.

कृती, पायरीपायरीने

यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

१. प्रश्न फळ्यावर लिहा, मोठ्याने वाचा आणि दीड-दोन मिनिटे पूर्ण शांतता ठेवा. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना शाळांतील वर्गांत दिसले, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला, तरी उत्तरे लांबतात आणि अधिक मुले बोलतात.

२. "एक, दोन, तीन" म्हणताच सर्वांनी एकदम मत द्यायचे. पर्यायासाठी एक ते चार बोटे छातीशी धरायची. शेजाऱ्याला दिसत नाहीत, शिक्षकाला दिसतात.

३. अंदाजे आकडे फळ्यावर मांडा. उत्तर सांगू नका, चेहऱ्यावरही दाखवू नका.

४. साधारण तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश मुले बरोबर असतील, तर दोन-तीन मिनिटे शेजाऱ्याला पटवायला सांगा. त्याहून कमी असतील तर कल्पना पुन्हा शिकवा. बहुतेक सगळेच बरोबर असतील तर पुढे चला.

५. दुसरे मतदान घ्या. मग उलगडा करा आणि चुकीचे पर्याय का मोहात पाडतात तेही सांगा.

चर्चा मुलांच्या बोलीत होऊ द्या. विचार घरच्या भाषेत पक्का झाला, की पारिभाषिक शब्दांसह एक वाक्य वहीत लिहायला लावा, परीक्षेच्या भाषेची तयारी तिथे होते. साठ जणांपुढे न बोलणारे मूल एका शेजाऱ्याशी बोलते, हाही या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

फक्त गणितापुरते नाही

इतिहासाच्या वर्गात विचारा, १५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंगोलीत राहणारा माणूस कोणाच्या राज्यात होता? मुंबई प्रांत, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामाचे हैदराबाद संस्थान की भारतीय संघराज्य? "भारत" हे उत्तर सहज येते. प्रत्यक्षात हिंगोली तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती. संस्थान भारतात आले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो : पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडातल्या माणसाचे उत्तर काय असते?

भौतिकशास्त्राला औंढा नागनाथ तालुक्यातच विषय मिळाला आहे. तिथे होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा एकमेकींशी काटकोनात असतील. गुरुत्वीय लहर जाताना भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, तो टिपायचा आहे. प्रकाशाचे व्यतिकरण शिकवताना विचारा, एकच भुजा ठेवली असती तर काम भागले असते का? आधी मत घ्या. मग मुलांना कळू द्या, की लहर एक भुजा ताणते तेव्हा दुसरी आक्रसते, आणि दोन्हींकडून परतलेल्या प्रकाशाची तुलना केल्यामुळेच इतका सूक्ष्म फरक पकडता येतो.

याच औंढ्याशी जोडलेली नामदेव आणि विसोबा खेचरांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले. विसोबांनी प्रवचन दिले नाही. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, एवढेच सांगितले. नामदेवांनी आपली समजूत आधी उघड मांडली, मग ती स्वतः करून तपासली. चांगला प्रश्न विद्यार्थ्याकडून हेच करून घेतो.

दोन रास्त शंका

पहिली शंका अभ्यासक्रम पुरा होण्याची. एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटे जातात हे खरे. ती पुस्तकात छापलेला मजकूर फळ्यावर उतरवण्याच्या वेळेतून काढावीत. व्याख्या आणि यादी मुले पुस्तकातून घेऊ शकतात, चुकीची समजूत मात्र वर्गातच सुटते. फेब्रुवारी ते एप्रिल हळदीच्या काढणीत आणि शिजवणीत अडकून मुले मध्येच गैरहजर राहतात. परतलेल्या मुलाला कुठे तुटले हे दाखवण्याचे कामही हाच प्रश्न करतो.

दुसरी शंका मुलांच्या नाराजीची. "सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात" अशी तक्रार येऊ शकते. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र स्वतः सोडवणारे पुढे होते. डोक्याला पडलेला ताण शिकण्याची खूण आहे, हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना मोकळेपणाने सांगावे.

तासिका तत्त्वावर एकाहून अधिक ठिकाणी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना तयारीला वेळ अपुरा पडतो, याची मला जाणीव आहे. म्हणून आठवड्याला एकच प्रश्न पुरे. विभागातल्या तिघांनी एकेक केला, तरी सत्राअखेर चांगला संग्रह होतो. प्रत्येक प्रश्नाखाली पहिल्या आणि दुसऱ्या मतदानाचे आकडे लिहून ठेवा. आकडा हलला नाही, तर दोष मुलांना देण्याआधी प्रश्न बदलून पाहा. प्रश्नांची ही वही पुढच्या वर्षी वर्गावर येणाऱ्या नव्या शिक्षकाच्या हाती द्या. कोणती कल्पना कुठे अडते हे तिच्यातून त्याला पहिल्या दिवशीच कळेल.

*पुढील लेखांक : गाईड आणि तयार नोट्सच्या पलीकडे, मुलांना स्वतःची टिपणे काढायला कसे शिकवावे.*