पाणवठ्यावरच्या मैत्रिणी

माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. डिंभे धरणाचे पाणी चढले आणि जुन्या आंबेगावासह त्या खोऱ्यातली कितीतरी घरे पाण्याखाली गेली. आमचेही गेले. आज त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. आई मात्र घराबद्दल फारशी बोलत नाही. ती म्हणते, "घर काय गं, दुसरं बांधलं. पण पाणवठा गेला तो गेलाच."

लहानपणी मला वाटायचे, आईला पाण्याची आठवण येते. ती पाण्याची नव्हतीच, हे लग्न होऊन जुन्नरला आल्यावर कळले. पाणवठ्यावर रोज भेटणाऱ्या चौघीजणी, धुणे आपटता आपटता सासू, नवरा, मुलांची आजारपणे, सगळे एकमेकींना सांगणाऱ्या, त्या पांगल्या. एक घोडेगावला, एक मंचरकडे, एक मुलाबरोबर मुंबईला. नुकसानभरपाईच्या कागदावर घर मांडता येते, झाडे मोजता येतात. मैत्रिणींचा रकाना कुठे असतो?

आणि खरे सांगू का मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकीचे एक गाव असेच बुडालेले असते. लग्न झाले की पुरुषाचा कट्टा तिथेच राहतो, त्याचे शाळासोबती संध्याकाळी चौकात भेटतात. आपण मात्र बाकावरची मैत्रीण, शेजारची सखी, सगळे मागे ठेवून येतो. नव्या घरी जाऊ मिळते, नणंद मिळते, शेजारीण मिळते. पण जिच्यापुढे मोठेपणा नको आणि लाजही नको, अशी बरोबरीची बाई मिळायला वर्षे जातात. कित्येकींना ती मिळतच नाही.

बरोबरीच्या माणसांचा आधार ही काही आजकालची गोष्ट नाही. आमच्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांचीही श्रेणी होती, आणि धर्मकार्यासाठी लोक त्यांच्याकडे ठेव ठेवत. एकट्या माणसापेक्षा दहाजणांचा शब्द भरवशाचा, हे तेव्हाही माहीत होते.

आपले बचत गट त्याच वाटेवरचे. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, डॉ. सुधा कोठारी यांनी १९९३ मध्ये 'चैतन्य' संस्था उभी केली आणि या भागातल्या बायकांचे गट बांधले. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, नाबार्डने देशातले पाचशे गट बँकांशी जोडून पाहण्याचे ठरवले होते. पुढे गावोगावी, आळीआळीत गट झाले. आमच्याही आळीत आहे. बाराजणी, महिन्याला दोनशे रुपये, पाच तारखेला बैठक.

आता एका वेगळ्याच 'मित्रां'ची ओळख करून देते. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. गांधी जयंतीला सेवाग्रामच्या 'नई तालीम'वर बोलायचे म्हणून पुस्तके चाळत होते. त्यात मार्जोरी साइक्स हे नाव भेटले. ही इंग्रज बाई १९२८ साली मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आली, पुढे शांतिनिकेतनात राहिली आणि गांधीजींच्या पश्चात आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला तिने कित्येक शिक्षक तयार केले. ती क्वेकर पंथाची होती. सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला हा ख्रिस्ती पंथ. हे लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. युद्धाला त्यांचा विरोध. त्यांच्या दोन सेवासंस्थांना १९४७ चे शांततेचे नोबेल मिळाले.

पण मला नवल वाटले ते त्यांच्या बैठकीचे. मूळच्या पद्धतीच्या त्यांच्या सभेत पुरोहित नसतो. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल तो उठून सांगतो, मग बाई असो की पुरुष. आणि कामकाज ठरवताना हात वर करून मते मोजत नाहीत! सगळ्यांचे ऐकून घेतात, एकाने सभेचा कल काय दिसतो ते लिहायचे, तिथेच वाचून दाखवायचे, सगळ्यांना पटले तरच कायम. नाहीतर थांबायचे. वाचून मी मनात म्हटले, आमच्या आळीत असे केले तर पहाट होईल!

पण पुढे काय झाले ते ऐका. आमच्या गटातल्या एकीचे तीन हप्ते थकले. कर्ज शिलाई मशीनसाठी घेतलेले. बैठकीला यायची, पण खाली मान घालून बसायची. त्या पाच तारखेला आवाज चढले. "आमचेही पैसे कष्टाचेच आहेत." "एकीला सोडलं की उद्या सगळ्याच बुडवतील." तिचे नाव काढायचे का, यावर हात वर करायचे ठरले. सात हात वर गेले. लपवत नाही, त्यांत माझाही होता.

तिने मान वर करून एकेका हाताकडे पाहिले. माझ्या हाताकडेही. मला ते सोसेना. माझ्या तोंडून निघाले, "दोन मिनिटं कुणी बोलू नका गं." क्वेकरांची आठवण होऊन म्हटले असे नाही, दुसरे काही सुचले नाही म्हणून म्हटले. सगळ्या गप्प. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

मग आमच्यातली सर्वांत लहान मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तीन आठवडे डबा हिनंच दिला होता. विचारलंसुद्धा नव्हतं मी." पुन्हा शांतता. आणि मग ती स्वतः बोलली. शिवणाचे पैसे ती तांदळाच्या डब्यात ठेवत होती, नवरा ते काढून दारूत घालत होता. तीन महिने हे तिने कुणाला सांगितले नव्हते. आम्ही बाराजणी महिन्याला भेटत होतो, पैसे मोजत होतो आणि तिला एकदाही विचारले नव्हते!

हप्ता निम्मा करायचे ठरले. वहीत लिहिले, मोठ्याने वाचले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिच्याबरोबर बँकेत गेल्या आणि तिचे एकटीच्या नावाचे खाते उघडून आल्या. कर्ज फिटायला चौदा महिने लागले. नवऱ्याची दारू सुटली नाही, पण मशीन चालू आहे आणि पैसे तांदळात नाहीत. एक सभासद मात्र "नियम म्हणजे नियम" म्हणून गट सोडून गेली. ती अजूनही रस्त्यात तोंड फिरवते. तिचेही सगळेच चूक होते असे मला वाटत नाही.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. तुमची भिशी असो, भजनी मंडळ असो, की चौघींचा चहा असो, करून पाहा.

बैठकीचा दिवस ठरलेला असावा आणि सणवार, पाहुणे म्हणून तो मोडू नये. पैशाला हात लावण्याआधी प्रत्येकीने 'या महिन्यात कशी आहेस' एवढ्याचे उत्तर द्यावे, आणि ती बोलत असताना कुणी सल्ला देऊ नये. हे फार अवघड जाते हं! हिशेब मात्र चोख, वही सगळ्यांसमोर उघडी, कारण पैशाची गोष्ट मोघम ठेवली की मैत्री कडू होते. वाद पेटला तर दोन मिनिटे गप्प बसावे. कुणाला काढण्याचा निर्णय त्याच दिवशी घेऊ नये. आणि गटात ऐकलेले घरी जाऊन सांगू नये, नवऱ्यालासुद्धा नाही.

गेल्या दिवाळीत आईला घेऊन घोडेगावला गेले, तिच्या पाणवठ्यावरच्या मैत्रिणीकडे. आठ वर्षांनी भेटत होत्या. मला वाटले, आता दोघींना बोलायला दिवस पुरणार नाही. पण "आलीस का", "बस", एवढेच झाले. मैत्रिणीने तांदूळ निवडायला घेतले होते, आईने न विचारता तिच्या सुपातले निम्मे आपल्या ताटात ओढून घेतले. मी आपली चहा घेऊन ओसरीवर जाऊन बसले.