नंबर कुणाचा?

रविवार, सकाळचे साडेअकरा. नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे एक सलून आहे. दोन खुर्च्या, दोन कारागीर, भिंतीलगत बाकडं आणि बाकड्यावर आम्ही सहा जण. मिसळ खाऊन थेट इकडे आलेल्यांच्या दुचाकी दारात आडव्यातिडव्या लागल्यात. आत तुरटीचा आणि ओल्या टॉवेलचा वास. छताजवळच्या कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीवर 'सूर्यवंशम'.

"मी नाही लावला. आपोआप लागलाय," मालक सांगतो. रिमोट त्याच्याच खिशात आहे.

"बदला ना भाऊ, किती वेळा तेच ते," कंपनीचं जॅकेट घातलेला एक तरुण म्हणतो. मालक लगेच रिमोट काढून पुढे धरतो. तरुण हात पुढे करत नाही. "राहू द्या. जाहिराती संपल्यावर बघू."

जाहिराती संपतात. रिमोट पुन्हा खिशात जातो.

सिनेमा मध्यावर आलाय. अडाणी म्हणून हिणवलेल्या हीराला ठाकूर भानुप्रतापने घराबाहेर काढलंय. बाप अमिताभ, मुलगाही अमिताभ. शिकलेली बायको राधा हीराच्या पाठीशी उभी आहे. आता त्याची बस येईल, मग धंदा वाढेल, राधा कलेक्टर होईल. हे सगळं बाकड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी मोबाइल हातात तसेच राहिलेत आणि त्यांचे पडदे केव्हाच विझलेत.

"नंबर कुणाचा?" धाकटा कारागीर कापड झटकतो.

नंबर जॅकेटवाल्याचा आहे. तो शेजारच्या काकांकडे वळतो. "काका, तुम्ही बसा. मला घाई नाही."

काका म्हणजे निवृत्त मास्तर. पांढरा सदरा, खिशाला पेन. "छे, मला कुठं ऑफिस आहे? तू बस."

या आग्रहात सौजन्य कमी आणि भूगोल जास्त आहे. खुर्चीत बसलं की मान कारागिराच्या ताब्यात जाते. तो ती खाली दाबतो, कानाकडे वळवतो, मध्येच स्वतः आडवा येतो. टीव्ही दिसला तर आरशात, उलटा. सलूनमधली सगळ्यात वाईट जागा म्हणजे ज्या जागेसाठी आपण रांगेत बसलोय ती. शेवटी दहावीतल्या एका पोराचा बळी दिला जातो. त्याला अमिताभशी देणंघेणं नाही, त्याला कल्ले बारीक करून हवेत.

पडद्यावर राधा काही तरी बोलते आणि जॅकेटवाला बोलून जातो, "हा आवाज रेखाचा आहे. सौंदर्याला डब केलंय." सगळे त्याच्याकडे बघतात. आता थांबून उपयोग नसतो. मूळ तमिळ सिनेमा १९९७चा, हिंदी १९९९चा, हेही तो सांगतो. मघाशी चॅनल बदलायला सांगणारा हाच.

"सेट मॅक्सनं शंभर वर्षांचे हक्क घेतलेत म्हणे," कुणी तरी पुरवणी जोडतो. मालक वस्तरा पुसत हसतो. "घरी आईचं 'माहेरची साडी'चं तसंच. टीव्हीवर लागला, की गॅस बंद. अलका कुबल रडायच्या आधी हिचा पदर डोळ्याला."

मास्तर खाकरतात. "आमच्या वेळी दादा कोंडके. 'राम राम गंगाराम' आला ७७ साली. मी शाळेत नोकरीला. दादांच्या सिनेमाला मास्तर गेला, हे गावात कळलं तर काय? मी मफलर गुंडाळून रात्रीच्या खेळाला गेलो. इंटर्व्हलला दिवे लागले, तर पुढच्या रांगेत माझीच दहावी."

"मग?"

"मग काय? त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. सोमवारी वर्गात इतकी शिस्त मी पुन्हा कधी पाहिली नाही."

खुर्चीतला पोरगाही हसतो. कारागीर त्याची मान पुन्हा खाली दाबतो.

"पण सर, गोष्ट पाठ असताना माणूस बघतो कशाला?" मी विचारतो.

मास्तरांच्या अंगात वर्ग संचारतो. पांडवलेण्याच्या दिशेनं हात करून ते म्हणतात, "तिकडे स्मारक आहे ना, त्या फाळक्यांना विचार. त्र्यंबकचा माणूस. १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि मग बिऱ्हाड घेऊन नाशकात आला. १९१७चं त्याचं 'लंकादहन'. हनुमान लंका जाळणार, हे कोणाला ठाऊक नव्हतं? आणि त्यात राम अण्णा साळुंके, सीताही अण्णा साळुंकेच. तरी लोक लोटले. आपल्याकडे कीर्तनाला माणूस शेवट कळावा म्हणून जात नाही. ठरल्या जागी डोळ्यात पाणी येतंय का, ते बघायला जातो."

एवढं बोलून ते टीव्हीकडे वळतात आणि पुढचं वाक्य गिळतात. खीर आलीय.

नातू आजोबांसाठी खीर घेऊन निघालाय आणि तिच्यात विष कालवलं गेलंय. मशीनची घरघर थांबते. दुसऱ्या खुर्चीत अर्ध्या गालाला फेस असलेला एक दांडगा गृहस्थ इतका वेळ आरशात बघत होता. तो आता कारागिराला म्हणतो, "खुर्ची फिरव." कारागीर खुर्ची फिरवतो, वस्तरा हवेत धरून स्वतःही बघतो. ठाकूर घास घेतो. "नका खाऊ, नका खाऊ," बाकड्याच्या टोकाचे आजोबा पुटपुटतात. हा प्रसंग त्यांनी किती वेळा पाहिलाय कुणास ठाऊक. ठाकूर प्रत्येक वेळी खातो.

एवढा आरडाओरडा, एवढं रक्त, पार्श्वसंगीताचा एवढा धबधबा. हसू यावं असंच सगळं आहे आणि मघाशी आम्ही हसतही होतो. या वस्तीतले कितीक जण गाव सोडून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आले. बापाला पटेल असं काही तरी करून दाखवायचं हा हिशेब कुणाचा मिटलाय, कुणाचा राहिलाय. त्याबद्दल बाकड्यावर कोणी बोलत नाही. 'टाइमपास आहे' म्हटलं, की बोलायची गरजही उरत नाही. मास्तर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसतात. जॅकेटवाला छताकडे बघतोय.

पोराचे कल्ले होतात. तो पैसे देऊन निघून जातो. अर्ध्या दाढीचा गृहस्थ टीव्हीकडे तोंड करून बसलेलाच आहे. दुसरी खुर्ची रिकामी.

"नंबर कुणाचा?"

कुणाचाच नाही.

तेवढ्यात जॅकेटवाल्याचा फोन वाजतो. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येतो, अजून किती वेळ, बारा वाजून गेले. तो रिकाम्या खुर्चीवर नजर टाकतो आणि अगदी मनापासून सांगतो, "अगं, काय करू? फार गर्दी आहे."