क्लिस्टरचा हंगाम

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर या शेजारी राज्यांत, मार्च उजाडला की दोन कामं एकाच हवेवर चालतात. मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस गोळा होतो आणि कॉलेजांचे क्रॉस-कंट्री स्की संघ हंगामातल्या शेवटच्या शर्यतींत उतरतात. रसाला रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर अशीच हवा लागते. स्कीवाल्यांना ती लागत नाही, पण त्यांच्या वाट्याला येतेच. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव ग्रामसभा भरतात. जुने शेतकरी झाडांना भोकं पाडायचा मुहूर्त या दिवसाच्या आसपास धरत. आता अनेकांना तो उशिराचा वाटतो, ते फेब्रुवारीतच कामाला लागतात. स्कीच्या शर्यतींनाही ही वितळती हवा आता लवकरच गाठते.

कॉलेजांच्या या शर्यतींना इकडे 'कार्निव्हल' म्हणतात. सहसा शुक्रवारी आणि शनिवारी. एक दिवस क्लासिक, म्हणजे बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांतून पुढे-मागे पाय टाकत जायचं. दुसरा दिवस स्केटिंगचा, म्हणजे सपाट दाबलेल्या रुंद वाटेवर आळीपाळीने दोन्ही बाजूंना रेटा द्यायचा. एका शर्यतीत खेळाडू ठरावीक सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतात, दुसरीत बहुधा सगळे एकदम. जानेवारीपासून दर आठवड्याला यजमान कॉलेज बदलत जातं आणि मार्चमध्ये एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेने हंगाम संपतो.

जानेवारीच्या कोरड्या बर्फावर बळकट फुप्फुसांचा खेळाडू बहुतेकदा जिंकून जातो. मार्चच्या ओल्या बर्फावर ते पुरत नाही, तिथे सगळा संघ लागतो. मागे वळून पाहताना या खेळाच्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आधी बर्फाबद्दल. उणे दहा अंशांत पडलेल्या बर्फाच्या कणांना टोकं असतात. तोच बर्फ रोज वितळत-गोठत राहिला की टोकं झिजतात, कण मोठे आणि गोल होतात आणि मार्चमध्ये पायाखाली रवाळ तुपासारखा बर्फ येतो. रात्र निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते आणि सकाळी सातला वाट टणक, निसरडी असते. ढग असतील तर ती उष्णता अडकते, बर्फ गोठतच नाही आणि पहाटेपासूनच पाय रुततात. ऊन वर आलं की अकराच्या सुमाराला टणक वाटेचाही गाळ होतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच वाटेवर, सकाळी सुटलेल्या मुलींना एक बर्फ मिळतो आणि दुपारी सुटलेल्या मुलांना दुसरा. आदल्या संध्याकाळी प्रशिक्षक अंदाजाचे आकडे बघतातच, पण बाहेर येऊन आकाशही बघतात.

कॉलेजांच्या या शर्यतींची सुरुवात न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात झाली. 1909 मध्ये फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने हिवाळ्यात मुलांनी खोल्यांत बसून राहू नये म्हणून आउटिंग क्लब काढला. 1911 पासून तिथला हिवाळी कार्निव्हल सुरू झाला आणि इतर कॉलेजांनी तो उचलला. एनसीएएची पहिली राष्ट्रीय स्की स्पर्धा 1954 मध्ये नेवाडातल्या रीनो इथे झाली. त्या काळी चार प्रकार असत: उतारावरचे दोन, क्रॉस-कंट्री आणि उंच उडी मारून हवेत झेपावण्याचं जंपिंग. चारही प्रकारांत उतरणारी मुलं होती आणि त्यांना वेगळा मान होता. 1980 नंतर राष्ट्रीय स्पर्धेतून जंपिंग गेलं. 1983 मध्ये स्त्रिया त्याच स्पर्धेत आल्या आणि तेव्हापासून पुरुष-स्त्रियांचे गुण एकत्र करून एकच संघ जिंकतो. मला हा बदल जंपिंग जाण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. एकाच गुणतक्त्यावर दोघांची मेहनत मोजणारे खेळ फार थोडे आहेत.

क्रॉस-कंट्रीचं ज्ञान इथे घराण्यासारखं उतरत आलं. जॉन कॉल्डवेल डार्टमथमध्ये शिकले, 1952 च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये उतरले आणि मग व्हरमाँटमधल्या पटनी इथल्या शाळेत शिक्षक झाले. 1964 मध्ये त्यांनी क्रॉस-कंट्रीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा अमेरिकेत हा खेळ जाणणारे मोजकेच होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बिल कॉकने 1976 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये 30 किलोमीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. अमेरिकेचं या खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि पुढचं यायला 2018 साल उजाडलं. कॉकने आणखी एक गोष्ट केली. एक स्की खाचेत ठेवून दुसरीने बाजूला रेटा द्यायची चाल त्याने मोठ्या शर्यतींत वापरली आणि 1982 मध्ये विश्वचषक जिंकला. ती चाल इतकी वेगवान ठरली की दोन-तीन वर्षांत जुनी शैली मागे पडू लागली. शेवटी आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने क्लासिक आणि स्केटिंग अशा शर्यतीच वेगळ्या केल्या. कॉलेजांच्या शुक्रवार-शनिवारांचं आजचं रूप तिथून आलेलं आहे.

मार्चमधल्या दोन दिवसांचे दोन वेगळे प्रश्नही तिथूनच आले. स्केटिंगला स्की फक्त घसरायला हवी. ओल्या बर्फात स्कीखाली पाण्याचा पातळ थर येतो आणि तो तळाला चिकटून ओढून धरतो. म्हणून तळावर बारीक रेषा कोरतात. बर्फ जितका ओला, तितक्या त्या ठसठशीत. क्लासिकला मात्र स्की घसरायलाही हवी आणि चढावर पाय रोवताना बर्फाला धरायलाही हवी. थंडीत त्यासाठी स्कीच्या मधल्या भागाला घट्ट मेण लावतात, हिरवं, निळं, जांभळं, तापमान पाहून. दाणेदार बर्फ ते मेण खरवडून टाकतो. तिथे क्लिस्टर लागतं.

क्लिस्टर मधापेक्षा घट्ट आणि डिंकापेक्षा हट्टी असतं. नॉर्वेच्या पीटर ऑस्टब्यूने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते बाजारात आणलं, आणि त्याला पुरता पर्याय आजही नाही. पहाटे सहाला वॅक्सच्या खोलीत गेलं की राळेचा वास येतो. स्की टेबलावर उलटी घट्ट बसवलेली असते. ट्यूब आधी गरम करतात, मग मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना तिरप्या बारीक रेघा ओढतात. वरून गरम हवेचा झोत. रेघा मऊ पडल्या की अंगठ्याने एकाच दिशेने पसरवत नेतात. हातमोजा घालून हे नीट जमत नाही; थर कुठे जाड झाला ते उघड्या अंगठ्यालाच कळतं. मग स्की बाहेर थंडीत ठेवायची, कारण गरम क्लिस्टर बर्फावर टेकवलं तर बर्फाचे खडेच चिकटतात. एवढं करूनही पाइनच्या सुया, सालीचा भुसा, झाडांवरून गळणारा कचरा, सगळं त्यावर येऊन बसतं. मार्चमध्ये शर्यत संपल्यावर स्की पालथी केली की रस्त्यावर कोणती झाडं होती ते सांगता येतं.

एका खेळाडूच्या पायांत दोन स्की जाण्याआधी संघातल्या कितीतरी जणांनी अंधारात त्याच चढावर वर-खाली केलेलं असतं. कुणाला निळ्यावर जांभळा थर पकडणारा वाटतो, कुणाला तोच उतारावर अडतो. शर्यतीत नसलेला मुलगाही चाचणीला असतो, आणि त्याचं म्हणणं प्रशिक्षक ऐकतात. कधी बर्फ शून्याच्या आगेमागे रेंगाळतो आणि कुठलंच मेण चालत नाही. तेव्हा स्कीचा मधला भाग काचकागदाने खरवडून तसाच वापरतात. निर्णय सुटायच्या वीस मिनिटं आधी बदलतो, आणि मग सगळे टेबलाकडे पळतात. निकालपत्रकात त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नसतं. मला ते खटकतं.

वॅक्सच्या खोलीतला सगळ्यात मोठा बदल फ्लोरोचा. फ्लोरिनयुक्त मेण पाणी झटकून टाकतं, म्हणून त्याचा खरा फायदा वसंतातल्या ओल्या बर्फावरच होई. त्याची भुकटी महाग होती. ज्या कॉलेजाचं बजेट मोठं, त्याच्या स्की वेगवान. शिवाय ती इस्त्रीने वितळवताना निघणारा धूर श्वासावाटे शरीरात जाई. स्कँडिनेव्हियातल्या वॅक्स-तंत्रज्ञांच्या रक्तात ही रसायनं वाढलेली आढळली होती, आणि ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये बंदी जाहीर केली, तपासणीचं यंत्र सिद्ध व्हायला वेळ गेला, आणि 2023-24 च्या हंगामापासून ती अमलात आली. ही बंदी मला पुरेपूर योग्य वाटते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी शनिवारच्या चार सेकंदांसाठी तो धूर घ्यायचं काहीच कारण नव्हतं. आणि बंदीमुळे रेषा कोरण्याचं, बर्फ वाचण्याचं कसब पुन्हा वर आलं.

वाट टिकवण्याचं कसबही वसंतातच लागतं. ओल्या बर्फावर मीठ टाकलं की ते विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं आणि वरचा थर टणक होतो. प्रमाण आणि वेळ चुकली तर तासाभरात पुन्हा गाळ. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये ऊन एवढं होतं की काही खेळाडू बाह्या कापलेल्या पोशाखात उतरले. मिठाचे ढीग तिथे तातडीने विमानाने आणावे लागले होते. त्याच मऊ बर्फावर सोफी कॉल्डवेल ही जॉन कॉल्डवेल यांची नात, तीही डार्टमथचीच, स्प्रिंटमध्ये सहावी आली. अमेरिकन स्त्रीची ऑलिंपिक क्रॉस-कंट्रीमधली तोवरची ती सर्वोत्तम वैयक्तिक कामगिरी होती. कार्निव्हलच्या गाळातून गेलेल्या मुलीला सोचीचा बर्फ परका वाटला नसेल, असं मी धरून चालतो.

मग 2020 आलं. राष्ट्रीय स्पर्धा मोंटानातल्या बोझमनला होती. बुधवारी उतारावरची शर्यत झाली, गुरुवारी, 12 मार्चला, क्रॉस-कंट्रीची पहिली. त्याच दिवशी महासाथीमुळे एनसीएएने उरलेल्या सगळ्या स्पर्धा रद्द केल्या. यूटा विद्यापीठ आघाडीवर होतं, पण विजेतेपद कुणालाच मिळालं नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांची शनिवारची शर्यत कायमची राहून गेली. पुढच्या वर्षी स्पर्धा न्यू हॅम्पशरमध्ये झाली, क्रॉस-कंट्री जॅक्सन गावी, आणि त्याच राज्यातलं डार्टमथ तिथे नव्हतं, कारण डार्टमथ ज्यात आहे त्या आयव्ही लीग या कॉलेजगटाने तो सगळा हंगामच सोडला होता. हॅनोव्हरला राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा आली ती 2025 च्या मार्चमध्ये, क्रॉस-कंट्री ओक हिल या केंद्रावर.

ओक हिलवर आता यंत्राने बर्फ करतात. मिडलबरी कॉलेजाच्या रायकर्ट केंद्रावरही तीच सोय आहे. हे केंद्र रिपटनला, कवी रॉबर्ट फ्रॉस्ट ज्या गावी उन्हाळे घालवत तिथे. ही सोय नसती तर अनेक कार्निव्हल झालेच नसते. पूर्वी मार्चमध्ये भेटणारा बर्फ आता जानेवारीच्या पावसानंतरही भेटतो. शर्यत दूरच्या उंच गावी हलवावी लागते, लांबलचक रानवाट सोडून छोट्याच वर्तुळावर फेऱ्या माराव्या लागतात. दोन्ही बाजूंना तपकिरी गवत आणि मधून पांढरा पट्टा. क्लिस्टरचे डबे हंगामाच्या सुरुवातीलाच उघडले जातात.

माझी काळजी कॉलेजांपेक्षा त्यांच्या मागून येणाऱ्यांची आहे. इथे लहान मुलांसाठी बिल कॉकच्या नावाने लीग चालते, आणि तिथे शिकवणाऱ्यांत कधीकाळी कार्निव्हलमध्ये उतरलेले पुष्कळ जण असतात. त्यांच्या गावात बर्फ करायचे पंप नाहीत, पाइप नाहीत. पडेल त्या बर्फावर, शाळेमागच्या मैदानात, ते मुलांना चालवतात. ओक हिलवर हॅनोव्हरच्या फोर्ड सेअर क्लबची मुलंही सराव करतात, कॉलेजाच्या संघाशेजारीच. यंत्राचा बर्फ करणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने आठवड्यातल्या निदान दोन संध्याकाळी आपलं वर्तुळ आसपासच्या गावांतल्या मुलांना मोकळं ठेवावं, आणि वॅक्सच्या खोलीचं दारही.