घड की बाळी?

द्राक्षबागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काड्या कापून तपासणीला नेतात. प्रयोगशाळेत डोळा उभा चिरून भिंगाखाली धरला, की त्यात इवलासा घड दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायचा माल तिथे आधीच बसलेला असतो! एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, त्याची घडण होते.

त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. घड आणि बाळी, म्हणजे वेलीला आधार देणारा तो पीळदार तंतू, एकाच अंकुरातून निघतात. डोळ्यावर ऊन पडलं, काडीत अन्न साठलं तर घड होतो. सावली पडली, नत्र आणि पाणी जास्त झालं, तर घड जिरतो आणि बाळी निघते. आतल्या आत संजीवकांची ओढाताण चाललेली असते. जिब्रेलिन बाळीकडे ओढतं, सायटोकायनिन घडाकडे.

तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या तरुणाने वडिलांची फवारण्यांवर वाढलेली थॉमसन या खायच्या द्राक्षाची बाग हाती घेतली आणि त्या मातीत वाइनची द्राक्षं पिकवायची ठरवली, तर पहिली गाठ याच ओढाताणीशी पडते. आजवर ती सीसीसी या वाढरोधकाने सोडवली जायची. हे द्रव्य वेलीत जिब्रेलिन तयारच होऊ देत नाही, त्यामुळे शेंडा थांबतो आणि डोळे घडाकडे वळतात. 2010 च्या हंगामात युरोपने महाराष्ट्राच्या द्राक्षांचे कंटेनर अडवले, ते याचेच अंश सापडले म्हणून. सीसीसी सोडायचं, तर तेच काम हातांनी करावं लागतं. फुटी विरळ करायच्या, शेंडे खुडायचे, नत्र आवरायचं, पाणी मोजून द्यायचं. मला यात कष्टांपेक्षा जवळीक जास्त दिसते. प्रत्येक डोळ्यापर्यंत ऊन पोचतंय का, हे वाकून बघावं लागतं.

मग मणी. खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे जिब्रेलिनच्याच द्रावणात, बुडवून फुगवतात. मण्याचा व्यास दुप्पट झाला की गर आठपट होतो, साल मात्र चौपटच. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून वाइनवाल्याला बारीक मणीच हवा. नाशिकजवळ पुढे वाइनरी काढणाऱ्या राजीव सामंत यांनी आधी खायची द्राक्षं घेऊन पाहिली होती, 1997 च्या सुमाराला त्यांनी वाइनच्या जाती लावल्या. तुळजापूरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूज भागात फ्रातेल्ली या वाइनरीच्या बागा उभ्या राहिल्या, तेव्हा हा कोरडा मुलूखही वाइन देतो हे दिसलं. खरं तर या मातीचं वाइनशी नातं फार जुनं आहे. तुळजापूरच्याच धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात तगरचं कापड भडोच बंदराकडे जाताना दिसतं, आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरताना!

मातीतलं काम सगळ्यात सावकाश चालतं. मुळांशी राहणारी एक बुरशी आपल्या तंतूंनी दूरचं स्फुरद आणून देते आणि बदल्यात वेलीकडून अन्न घेते. स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत एक रसायन सोडतं आणि त्या हाकेने बुरशी जवळ येते. वर्षानुवर्षं खताचं स्फुरद ओतलं की वेल हाकच मारेनाशी होते. ती पुन्हा मारायला लागावी, म्हणून खत कमी करून वाट पाहायची. केवडा रोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणाचं तांबं मात्र कुजून नाहीसं होत नाही, ते मातीत साठून राहतं. त्याच्यासोबतच काम करावं लागतं.

शेवटी यीस्ट. भुरी रोगासाठी मारलेलं गंधक सालीवर उरलं, तर आंबवताना रसाला सडक्या अंड्याचा वास येतो. त्यामुळे तोडणीच्या कितीतरी आधी ते थांबवावं लागतं. बाहेरचं यीस्ट न घालता रस तसाच ठेवला, तर मण्यांबरोबर आलेली रानटी यीस्टं सुरुवात करतात. जसजसा मद्यार्क वाढतो, तसतशी त्यातली बहुतेक दमतात. मग सुरुवातीला शोधूनही क्वचितच सापडणारं सॅकरोमायसिस अख्खी टाकी ताब्यात घेतं आणि उरलेली साखर संपवतं.