तेर आणि पॉम्पेई : चार तासांच्या अंतरावरची दोन गावं

धाराशिवपासून साधारण तीस किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर वसलेलं आहे. पॉम्पेई इटलीत, नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी. तेरला दुपारचे बारा वाजतात तेव्हा पॉम्पेईत हिवाळ्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून साडेआठ. सूर्याच्या हिशेबाने मात्र हे अंतर बारमाही सारखंच, चार तासांहून थोडं अधिक. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि तेर शहात्तर अंशांच्या आसपास, त्यामुळे तेरचा खरा मध्यान्ह घड्याळात सरासरी बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होतो.

या दोन गावांना जोडणारा दुवा हस्तिदंताचा आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याच घराण्यातली वाटावी अशी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली. ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली. या माणसाने तेरच्या मातीतून वर आलेल्या हजारो वस्तू जपल्या, त्यांतूनच गावातलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. पॉम्पेईची मूर्ती भोकरदन-तेरच्या परिसरात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तेर ‘तगर’ म्हणून येतं. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून तगर आणखी दहा दिवसांवर. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरात जाई. तगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. महिनाभराच्या या वाटेवर काळी माती आहे. भर पावसात तिच्यात गाडीचं चाक रुतणारच, म्हणून गाड्या पाऊस ओसरल्यावरच निघत असाव्यात असं मला वाटतं. तिकडे इजिप्तहून गलबतं जुलैत सुटत, मोसमी वाऱ्यावर भारताचा किनारा गाठत आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्यावर परतत. त्या काळी या दोन गावांमधलं अंतर ऋतूंनीच मोजावं लागे.

दिवस मोजण्याची रीतही वेगळी होती. रोमन लोक उजेडाचे बारा भाग करत. पॉम्पेईत उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस पंधरा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत छोटा सव्वानऊ तासांचा. म्हणजे त्यांचा ‘तास’ उन्हाळ्यात आपल्या पंचाहत्तर मिनिटांचा आणि हिवाळ्यात जेमतेम शेहेचाळीस मिनिटांचा. आपल्याकडे अहोरात्रीच्या साठ घटका, प्रत्येक चोवीस मिनिटांची, बारा महिने सारखी. तेरला दिवस अकरा ते सव्वातेरा तासांमध्येच हलतो.

माती मात्र दोन्हीकडे ज्वालामुखीची. पॉम्पेईचा डोंगर अजून जागा आहे. तेरखालचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला आणि त्याचीच काळी जमीन झाली. इ.स. 79 मध्ये पॉम्पेई राखेखाली गेलं, वस्ती संपली, म्हणूनच त्याचा मोठा भाग खणता आला. तेरची वस्ती टिकली. सातवाहन गेले, शिलाहार राजे पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ असं बिरुद मिरवत राहिले. विटांचं त्रिविक्रम मंदिर मागच्या बाजूला अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं मानतात. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा इथल्याच. पुढे इथेच गोरा कुंभार झाले, ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन. साच्यात घडवलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहून त्यांच्या समाधीपाशी आलं की मातीकामाची ही परंपरा किती लांबची आहे ते उमगतं.

तेरला येणारे बहुतेक जण समाधीचं दर्शन घेऊन परततात. त्यांनी त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट आणि संग्रहालय आवर्जून पाहावं. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवरही जावं. तिथे थोड्याच जागी उत्खनन झालं आहे. उरलेल्या टेकाडांची राखण आणि शास्त्रशुद्ध उत्खनन, दोन्ही व्हायला हवं.