फिल्टरचा पाइप: आधी फिल्टर, मग लाकूड

हाताने घडवलेला तंबाखूचा पाइप करून घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी आकार ठरवते, मग रंग, मग दांडी सरळ हवी की बाकदार ते. सगळे ठरल्यावर, निघता निघता, ते सांगते की यात फिल्टर बसेल एवढे बघा. या एका वाक्याने आधी ठरलेले निम्मे रद्द होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फिल्टर ही तयार पाइपमध्ये मागाहून सरकवायची वस्तू आहे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. प्रत्यक्षात फिल्टर किती जाड आणि किती लांब, त्यावरून लाकूड कुठे आणि किती कोरायचे ते ठरते. आणि लाकूड एकदाच कोरता येते.

पाइपचे मुख्य भाग दोन. एक लाकडाचा: तंबाखू भरायची वाटी आणि तिला अखंड जोडलेली दांडी. दुसरा, तोंडात धरायची नळी, एबोनाइटची किंवा अ‍ॅक्रिलिकची. नळीच्या टोकाला खुंटी असते आणि ती दांडीच्या भोकात घट्ट बसते. फिल्टर नसलेल्या पाइपात धुराची वाट साधारण ४ मिलीमीटरची आणि खुंटी ८ मिलीमीटरची धरू. दांडी १४ मिलीमीटर जाड असली, तरी खुंटीभोवती सगळीकडे ३ मिलीमीटर लाकूड उरते. आता जर्मनीत सर्रास चालणारा ९ मिलीमीटरचा फिल्टर घ्या. तो खुंटीच्या पोटात बसतो, म्हणजे खुंटीच आतून ९ मिलीमीटर पोकळ हवी. तिची भिंत दीड मिलीमीटर धरली, तर खुंटी १२ मिलीमीटरची झाली. भोवती तेवढेच ३ मिलीमीटर लाकूड ठेवायचे तर दांडी १८ मिलीमीटर. हे ४ मिलीमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण जाड दांडीला वाटीही त्या मानाने मोठी लागते आणि पाइपचे वजन वाढते. पेन्सिलीएवढ्या बारीक दांडीचा नाजूक पाइप आणि ९ मिलीमीटरचा फिल्टर या दोन मागण्या एका लाकडात बसत नाहीत. ‘जरा पातळ करा ना’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी लाकूड दोन मिलीमीटरवर आणले, तर रोजची ऊब, ओल आणि खुंटी काढण्या-घालण्याचा ताण यांनी दांडी तडकण्याची भीती वाढते.

जाडीएवढीच अडचण लांबीची. हा फिल्टर सुमारे ४ सेंटीमीटर लांब असतो. खुंटीच्या पुढे तो नळीच्या आत शिरतो, आणि नळी तर दाताशी जेमतेम ४ मिलीमीटरवर येईपर्यंत निमुळती होत जाते. म्हणून रुंद भोक संपते कुठे आणि उतार सुरू होतो कुठे, हे लेथवर नळी चढवण्याआधीच आखावे लागते. बाकदार पाइपात तर हे आणखी जपावे लागते. एबोनाइट तापवले की मऊ होते. मग त्याला हाताने बाक देतात आणि गार पाण्यात धरून तो पक्का करतात. वाकवताना धुराची वाट चेपू नये म्हणून आत पाइप क्लीनर घालून ठेवतात. फिल्टरचा भाग मात्र सरळच राहायला हवा, कारण तिथले भोक थोडे जरी अंडाकृती झाले तरी फिल्टर आत जात नाही. बाक त्याच्या पुढून द्यायचा. नळी तेवढी लांब नसेल, तर आखूड आणि खूप वळलेला पाइप या फिल्टरसाठी होत नाही, असे सांगणे हेच प्रामाणिक उत्तर.

९ मिलीमीटर हे माप ऐकायला पक्के वाटते. पण निरनिराळ्या कंपन्यांच्या फिल्टरमध्ये केसभर फरक असतो, आणि कागदी वेष्टनाचा फिल्टर ओलीने किंचित फुगतो. भोक सैल झाले तर धूर फिल्टरमधून न जाता त्याच्या कडेने निघून जातो. घट्ट झाले तर वापरलेला फिल्टर अडकतो आणि ओढताना फाटतो. म्हणून अनुभवी कारागीर नुसत्या व्हर्नियरवर विसंबत नाही. गिऱ्हाईक नेहमी वापरते तोच फिल्टर मागून घेतो आणि त्यावर भोक तपासतो.

वडिलांचा किंवा आजोबांचा जुना पाइप आणून त्याला फिल्टरची सोय करून मागणारेही पुष्कळ. त्या पाइपची दांडी बारीक खुंटीच्या हिशेबाने घडवलेली असते. भोक १२ मिलीमीटरपर्यंत वाढवले तर वर दिलेल्या मापात भोवती एकच मिलीमीटर लाकूड उरेल. घरातली आठवणीची वस्तू अशी धोक्यात घालू नये. उलट बाजूनेही एक समज आहे: फिल्टरचा पाइप रिकामा ओढला तरी चालतो. ओढता येतो, पण रुंद पोकळीत धूर पसरून निवतो, ओल साठते आणि पाइप गुरगुरू लागतो. त्यासाठी फिल्टरच्याच बाहेरील मापाची, आत बारीक वाट असलेली नळकांडी मिळते. ती पाइपबरोबरच द्यावी.

फिल्टर म्हणजे कारखान्यातला स्वस्त माल, हे मतही टिकत नाही. न्यूरेंबर्गच्या फाउएन या जुन्या कंपनीने १९३४मध्ये ‘डॉ. पेर्ल’ नावाने ९ मिलीमीटरचा फिल्टर आणला आणि जर्मन गिऱ्हाइकाला त्याची सवय लागली. तिथे नावाजलेले हस्तकारागीरही फिल्टरचे पाइप करतात. लाकूडही तेच: भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, खोड आणि मुळे यांच्या मधली गाठ. ती उकळून, मग महिनोन्‌महिने वाळवून वापरतात.

ओल अडवणारी प्रत्येक युक्ती म्हणजे फिल्टर नव्हे. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९०मध्ये पेटंट घेतलेल्या ‘सिस्टिम’ पाइपात दांडीच्या आत एक खळगा असतो आणि धुरातली ओल त्यात उतरते. त्यात धूर कशातूनही गाळला जात नाही.

आता सर्वांत गंभीर गैरसमज. फिल्टर लावला की पाइप निर्धोक होतो, असे पुष्कळांना मनापासून वाटते. फिल्टरमधला सक्रिय कोळसा काही वायुरूप द्रव्ये धरतो, ओल आणि थोडे डांबर अडवतो, त्यामुळे धूर कोरडा आणि सौम्य लागतो. पण कार्बन मोनॉक्साइड तो धरत नाही. निकोटिन आणि कर्करोगकारक द्रव्ये यांचाही बराच भाग पुढे जातोच. धूर छातीत ओढला नाही तरी तो तोंडात आणि घशाशी खेळत राहतो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या संशोधकांनी २००४मध्ये १,३८,३०७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फक्त पाइप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका कधीच तंबाखू न ओढलेल्यांच्या सुमारे पाचपट होता, आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा सुमारे तेरापट. सौम्य लागणारा धूर माणूस अधिक निश्चिंतपणे ओढतो, म्हणून मला हा गैरसमज बाकी सगळ्यांहून वाईट वाटतो. आपल्याकडे चिलमीला ओली छापी गुंडाळतात, त्याबद्दलही हेच ऐकू येते. ती छापी ठिणगी आणि तंबाखूचे कण अडवते. विषारी वायू तिच्यातून सरळ पार होतात, आणि हुक्क्याच्या पाण्यातूनही होतात.

एकच फिल्टर आठवडाभर पुरवणारेही आहेत. एकदोनदा पाइप ओढल्यावर तो ओला आणि कडू होतो, धूर ओढायला जोर लागतो, आणि जोराने ओढले की निखारा अधिक तापून जीभ चटकते. दर वेळी नवा घालायचा, सिरॅमिकचे टोक वाटीकडे आणि प्लॅस्टिकचे तोंडाकडे. गिऱ्हाइकाला धूर कोरडा हवा असेल, तर ९ मिलीमीटरची जाड दांडी त्याला पटेल. फुफ्फुसे वाचवण्यासाठी फिल्टर हवा असेल, तर तो ती वाचवत नाही, हे आगाऊ रक्कम घेण्याआधी सांगावे. त्यानंतरही त्याला पाइप हवाच असेल, तर त्याच्या नेहमीच्या कंपनीचे दोनचार फिल्टर मागून घ्यावेत आणि मगच लाकूड लेथवर चढवावे.